मातु आणि धातु

गाण्याचा इतिहास लिहिणारे पंडित गवयांची चरित्रे लिहितात, रागांच्या वंशावळी लावतात आणि वाद्यांच्या तारा मोजतात. परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप व्हावयाचा, त्या शौकिनाचे चरित्र मात्र कोणी लिहीत नाही. वास्तविक गवई बदलतात, राग बदलतात, पण शौकीन हा प्राणी सर्व काळी एकसारखाच असतो. आपल्या आवडत्या मंडळीखेरीज इतरांस गाता येत नाही, आपल्या तरुणपणी जे गाणे होते ते आता राहिले नाही, आणि शेजारच्या गृहस्थास सुरांतले काही कळत नाही, ही त्याच्या धर्माची तीन मूलतत्त्वे होत. या धर्माचे एक जुने क्षेत्र आमच्या छत्रपती संभाजीनगराच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, आसमंतात आहे. देवगिरी, खुलदाबाद आणि खुद्द शहर एवढा टापू फिरून आले म्हणजे शौकिनाचे साताठशे वर्षांचे चरित्र बहुतेक हाती लागते.

प्रारंभ देवगिरीपासून करावा हे उचित. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात यादवराजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल राजसेवेत चढले आणि मुलाकडे राज्याचे हिशेब आले. या हिशेबनिसाने लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ उत्तरेचे आणि दक्षिणेचे संगीतज्ञ सारख्याच आदराने प्रमाण मानतात. दिवसभर जमाखर्च पाहिलेल्या माणसाची सवय संगीतात शिरूनही सुटत नाही. उत्तम वृंद कसा असावा हे सांगताना त्याने चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका, चार बासरीवाले आणि चार मृदंगवाले, असा बत्तीस असामींचा तक्ताच मांडून ठेवला आहे. वेतनाचा आकडा तेवढा लिहिला नाही.

परंतु शार्ङ्गदेव खरा रंगात येतो तो गवयांचे दोष मोजताना. असे पंचवीस दोष त्याने नोंदले आहेत. कोणी दात आवळून गातो, कोणी भयंकर तोंड पसरतो. कोणाचा आवाज कावळ्याचा, कोणाची मान उंटाची. कोणाच्या गळ्याच्या शिरा फुगतात, कोणाचा गळाच भोपळ्यासारखा फुगतो. कोणी डोळे मिटून घेतो, कोणी नाकात गातो, कोणाचे शब्दच कळत नाहीत. ही यादी वाचून झाल्यावर कोणत्याही मैफलीस जावे. आठशे वर्षांत या खात्यात नवी बाब क्वचितच चढली आहे, असे आढळून येईल. हे ज्ञान केवळ ग्रंथ वाचून आलेले नव्हे. समोर बसून, मनातल्या मनात कपाळाला हात लावून, कित्येक रात्री जागविल्याखेरीज असली यादी तयार होत नाही.

याच ग्रंथातील एक निवाडा मात्र कवींनी धीर धरून वाचावा असा आहे. गीताच्या शब्दांना शार्ङ्गदेव ‘मातु’ म्हणतो व स्वररचनेला ‘धातु’. दोन्ही उत्तम साधतो तो श्रेष्ठ वाग्गेयकार. ज्याची चाल सरस पण शब्द मंद, तो मध्यम. आणि ज्याचे शब्द रमणीय पण चाल मंद, तो अधम! सर्व कविकुळाला एका ओळीत तिसऱ्या वर्गात बसविणारा हा न्यायाधीश स्वतः उत्तम संस्कृत श्लोक रचीत होता, हे विशेष.

हा निवाडा कठोर असला तरी खोटा आहे असे म्हणण्याची सोय मराठी रंगभूमीने ठेवलेली नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आले, १८८२ साली ‘सौभद्र’ आले, आणि पुढील दोन पिढ्या महाराष्ट्र पदांनी वेडा झाला. त्या काळची नाटकांची पुस्तके उघडून पाहावीत. पदापदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचा आरंभ दिलेला असतो. म्हणजे धातु आधी घरात येऊन बसला आहे आणि मातु मागाहून बिऱ्हाड करावयास येत आहे! श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी तर ‘वीरतनया’त, १८९६ साली, पारशी-उर्दू रंगभूमीच्या चालींना मराठी शब्द नेसविले आणि ते लोकांस फार आवडले. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांचा ‘एकच प्याला’ बडोद्यास रंगभूमीवर आला. त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची. बालगंधर्वांच्या सिंधूने ती पदे घरोघर पोहोचविली. आज ती गुणगुणणाऱ्यास कर्ता विचारावा. दहांतले सहा गडकऱ्यांचे नाव सांगतील, तीन बालगंधर्वांचे, आणि दहावा आपल्यास प्रश्न कळला नाही अशा मुद्रेने पुढची तान घेईल.

मंडळ्यांच्या शौकिनांची भांडणेही याच धर्तीची असत. एक पक्ष गंधर्व मंडळीचा, दुसरा केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शाचा. आणि एका पक्षाच्या माणसाने दुसऱ्याच्या नायकाची स्तुती करणे म्हणजे स्वधर्मत्याग. हा कज्जा मिटविण्यास टिळक स्वराज्य फंड कारणी लागला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत दोन्ही मंडळ्यांनी मिळून ‘मानापमान’ केले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन्ही पक्षांना शेजारी-शेजारी बसून टाळ्या वाजवाव्या लागल्या. त्यानंतर तीन महिने पुरे होण्याच्या आतच केशवराव वारले, आणि जी तुलना शौकीन जन्मभर करीत बसले असते ती कायमचीच अपुरी राहिली.

आता देवगिरीहून खुलदाबादेस जाऊ. येथे चौदाव्या शतकातील सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. १३३७ साली निधन पावलेल्या या पुरुषास समा, म्हणजे भक्तिगायनाचे श्रवण, अतिशय प्रिय. त्यांच्या दर्ग्यासमोरच, रस्त्याच्या पलीकडे, जैनुद्दीन शिराझींचा दर्गा आहे; आणि त्याच्या आवारात साध्या मातीच्या कबरीत बादशहा औरंगजेब निजला आहे.

या शेजाराची गंमत कळण्यास मागचे थोडे ठाऊक असावे लागते. शाहजादा असताना दक्षिणेचा सुभेदार म्हणून येत असता बुऱ्हाणपुरास हीराबाई ऊर्फ झैनाबादी नावाच्या गायिकेवर त्याचे मन जडले. आमच्याच शहरात राहून लिहिणाऱ्या शाहनवाजखानाच्या ‘मआसिर-उल-उमरा’त ही हकीकत आली आहे. ती लवकरच वारली आणि औरंगाबादेस तिचे दफन झाले. पुढे तख्तावर आल्यावर, १६६८ च्या सुमारास, बादशहाने दरबारातील गाणे बंद केले. तेव्हा दिल्लीतील गवयांनी सजविलेल्या तिरड्या खांद्यावर घेऊन, शोक करीत, मशिदीस निघालेल्या बादशहाची वाट अडविली. कोण मेले, अशी चौकशी झाली. संगीत मेले, असे उत्तर गेले. मग तिला नीट खोल पुरा, असा हुकूम आला. ही कथा इटालियन प्रवासी मनुची सांगतो आणि खाफीखानही सांगतो.

कथा इतकी ठाकठीक आहे की तीवर पूर्ण विश्वास टाकू नये. कॅथरीन बटलर यांनी २००७ सालच्या लेखात दाखविले आहे की, बादशहाने स्वतः गाणे ऐकणे सोडले खरे, पण राज्यातील गाणे थांबले नाही. संगीतावरील ग्रंथही लिहिले जात राहिले. अर्थात ज्याने गाणे सोडले तो आरंभी शौकीन नव्हता असे मुळीच नव्हे. ज्याला गोड लागत नाही त्याला साखर वर्ज्य करण्याचा नेम करावा लागत नाही. तो १७०७ साली अहमदनगराजवळ वारला व येथे आणून पुरला गेला. मराठे आणि गाणे या दोघांनाही पुरावयाचे काम अपुरे टाकून, तो अशा गावी येऊन निजला की जेथे उरुसात आजही कव्वाल रात्र जागवितात.

शेवटचा शौकीन सिराज औरंगाबादी. हा अठराव्या शतकातील कवी तारुण्यात उन्मादावस्थेत घर सोडून याच बुऱ्हानुद्दीनांच्या दर्ग्याभोवती भटकत असे आणि त्या भरात त्याच्या मुखातून काव्य वाहत असे. पुढे गुरूंच्या सांगण्यावरून त्याने काव्यरचना सोडली. गुरुबंधूने ती गोळा केली म्हणून राहिली. त्याची प्रेमविस्मयावरची एक गझल आज हिंदुस्थानात आणि पाकिस्तानात कव्वालांच्या तोंडी आहे. आबिदा परवीन यांनी ती लाखोंच्या कानी घातली. तिची चाल सिराजची नव्हे. आणि ती ऐकून मान डोलविणाऱ्यांपैकी पुष्कळांस ‘औरंगाबादी’ या उपनामाचे गाव कोणत्या दिशेस आहे हेही ठाऊक नसते.

तेव्हा शार्ङ्गदेवाचा निवाडा आम्ही थोडा दुरुस्त करू. मातु चालीवाचून पांगळा आहे, हे खरे; पण चाली पिढ्या-पिढ्यांत बदलत गेल्या तरी सिराजचे शब्द टिकले, आणि कर्त्याचे नाव पुसले तरी गुर्जरांची पदे टिकली. मातु असो की धातु, दोहोंनाही तगवून धरतो तो कोणीतरी ऐकणारा, ज्याला त्यांच्यावाचून चैन पडत नाही. कवीने लिहिणे सोडले तरी त्याने ऐकणे सोडले नाही. बादशहाने ऐकणे सोडले, पण त्याच्या प्रजेने त्याचे अनुकरण केले नाही. रत्नाकरात गायकांचे पंचवीस दोष आहेत. श्रोत्यांचे दोष मोजावयास बसले तर ते याहून अधिक भरतील. पण जमेच्या बाजूस एवढी एक रक्कम लिहिली तरी खाते बरोबर जुळते, आणि यादवांच्या त्या चतुर हिशेबनिसाची याला हरकत असेल असे वाटत नाही.