डिबॅकल: अडसर, बर्फ आणि पानिपत

निवडणुकीत एखादा पक्ष साफ आपटला की इंग्रजी पेपर 'डिबॅकल' छापतात. आपण म्हणतो, 'पानिपत झालं.' भाषांतर म्हणून हे उत्तमच आहे, आणि का ते शब्दाचं मूळ बघितल्यावर कळतं.

शब्द फ्रेंचमधून आलाय. तिकडे 'बाक्ले' म्हणजे दाराला अडसर घालणं आणि 'देबाक्ले' म्हणजे तो काढणं. मुळाशी लॅटिन 'बाकुलुम', म्हणजे काठी. (सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांनो, तुमच्या काडीसारख्या 'बॅसिलस'चं नावही याच काठीवरून पडलंय.) गोठलेल्या नदीवरचा बर्फ हाही एक अडसरच. थंडी सरताना तो फुटतो आणि मागं तुंबलेलं पाणी, बर्फाचे तुकडे, सगळं एकदम सुटतं. ही 'देबाक्ल'. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत हा शब्द दगडधोंडे वाहून नेणाऱ्या प्रचंड लोंढ्यासाठी आला. फौजेची दाणादाण, फजिती हे अर्थ नंतर रुळले. १८७० च्या युद्धात फ्रान्स हरला, त्यावरच्या एमिल झोलाच्या १८९२ च्या कादंबरीचं नाव हेच.

तेव्हा डिबॅकल म्हणजे पडझड नव्हे. जुन्या वाड्याची भिंत दर पावसाळ्यात थोडी थोडी ढासळते, ती पडझड. डिबॅकलला आधी काहीतरी तुंबलेलं लागतं.

आता पानिपत बघा. त्याची सुरुवात आपल्याच अंगणात झाली. १७६० च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या मोहिमेत निजामाला नमवलं. उदगीर १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं, हे आता पुष्कळांच्या लक्षातही नसतं. हा विजय ताजा असतानाच परतूरहून फौज उत्तरेला निघाली. वर्षअखेरीस अब्दालीनं तिची दिल्लीची वाट बंद केली. अडीच महिने छावणी पानिपतला अडकून पडली. रसद तुटली, घोडी-बैल मरू लागले, आणि सोबत न लढणारे हजारो लोक, त्यांत बायका आणि यात्रेकरूही. सगळं आत तुंबत गेलं.

१४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. दुपारपर्यंत मराठ्यांचा जोर होता. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊ हत्तीवरून उतरून गर्दीत शिरले, रिकामी अंबारी बघून फौज फुटली. एका दुपारीत सगळं गेलं.

शाळेत आपण ही दुपार पाठ करतो, हत्तीवरून उतरणं चूक की बरोबर यावर अजून तावातावानं भांडतो. त्या उपाशी अडीच महिन्यांना मात्र पुस्तकात जेमतेम दोन ओळी मिळतात.