जावा-बालींतील खेडें आणि परकें भांडवल

श्रोतेहो, गेल्या महिन्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. हा गृहस्थ आज सिंगापुरांत नोकरीस आहे. गांवाकडील वडिलार्जित जमिनीचा आपला हिस्सा विकून आलेले पैसे त्याच्या हातीं आहेत. बाली बेटावरील एका लहानशा खेड्यांत भातखाचरांच्या कडेला थोडी जागा घ्यावी, तेथें घर बांधावें, दोन खोल्या प्रवाशांना भाड्यानें द्याव्यात आणि उरलेलें आयुष्य शांतपणें घालवावें, असा त्याचा मनोदय आहे. परक्या माणसाच्या नांवावर तेथें जमीन होत नाहीं हें त्याला ठाऊक आहे. परंतु "कागद गांवांतील एखाद्या भल्या माणसाच्या नांवें करावा, पैसे आपले घालावेत, अशी वहिवाटच आहे" असें त्याला कोणीं सांगितलें आहे. पत्राच्या शेवटीं तो लिहितो, "मास्तर, तुम्हीं आम्हांला इतिहास शिकवलात. या बाबतींत इतिहास कांहीं सांगतो काय?"

इतिहास पुष्कळ सांगतो. जें मीं त्याला उत्तरादाखल लिहिलें, तेंच आज थोडें विस्तारानें आपणांपुढें मांडीत आहें.

प्रथम तेथील खेडें म्हणजे काय तें पाहूं. जावांत खेड्याला 'देसा' म्हणतात. आपल्या 'देश' या शब्दाचेंच तें रूप आहे. भाताच्या पाणथळ शेताला तेथें 'सावाह' असें नांव आहे. सावाह हें एकट्यादुकट्यानें पिकवण्याचें शेत नव्हे. वरच्या खाचरांतून खालच्या खाचरांत पाणी उतरतें, आणि वरच्यानें तें अडवलें तर खालच्याचें पीक गेलें. म्हणून एकमेकांच्या कामाला हात लावण्याची रीत, जिला तेथें 'गोटोंग रोयोंग' म्हणतात, ती तेथें जगण्याची गरजच होय. बालींत या पाण्याच्या वांटणीसाठीं शेतकऱ्यांच्या 'सुबक' नांवाच्या संस्था आहेत. हा शब्द इसवी सन १०७१ च्या लेखांत आढळतो, म्हणजे संस्था नऊ शतकांहून जुनी झाली. एका पाटावर अवलंबून असणारे सर्व शेतकरी एका सुबकांत येतात. जलदेवतेच्या देवळांत पूजा होते आणि लावणी केव्हां, विश्रांति केव्हां, याचा निर्णयही तेथेंच होतो. सर्वांचीं शेतें एकाच वेळीं पडीक राहिलीं म्हणजे किडीला खाद्य उरत नाहीं, हें शहाणपण त्या पूजेच्या वेळापत्रकांत दडलेलें आहे. १९७० नंतर सरकारनें वर्षभर सतत नव्या जातींचें भात लावण्याचा आग्रह धरला, तेव्हां कीड माजली आणि पाण्याची ओढाताण झाली. मग अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनीं या देवळांच्या व्यवस्थेचें मर्म अभ्यासकांस पटवून दिलें. २०१२ सालीं युनेस्कोनें बालीच्या सुबकांना जागतिक वारशाचा मान दिला.

अशा खेड्यांत बाहेरचा पैसा शिरला म्हणजे काय होतें, याचा पहिला मोठा धडा १८३० सालीं मिळाला. जावांतील युद्धानें डच सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. तेव्हां गव्हर्नर जनरल व्हान डेन बॉश यानें सक्तीच्या लागवडीची पद्धत सुरू केली. योजना कागदावर सौम्य दिसे. गांवानें आपल्या जमिनीचा पांचवा हिस्सा ऊस, नीळ अशा परदेशीं विकावयाच्या पिकांना द्यावा आणि त्याबद्दल त्याला साऱ्यांत सूट मिळावी, असें तिचें स्वरूप होतें. पण अधिकाऱ्यांना आणि गांवच्या मुख्यांना उत्पन्नावर शेंकडेवारी मिळूं लागली, तेव्हां पांचव्या हिश्शाची मर्यादा पुष्कळ ठिकाणीं नुसती नांवाला उरली. माणसें आपल्या भाताकडे पाहूं शकलीं नाहींत. १८४८ ते १८५० या काळांत डेमाक व ग्रोबोगान या भागांत भयंकर दुष्काळ पडला. इकडे हॉलंडच्या तिजोरींत १८३१ ते १८७७ पर्यंत सुमारें ८२ कोटि ३० लक्ष गिल्डरांची भर पडली. त्या पैशांतून तेथें कर्जें फिटलीं आणि आगगाड्या बांधल्या गेल्या. १८६० सालीं 'मुल्तातुली' या टोपणनांवानें एदुआर्द डाउवेस डेकर यानें 'माक्स हाव्हेलार' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तो स्वतः लेबाक जिल्ह्यांत डच अधिकारी होता. खेड्यांतून म्हैस ओढून नेणें म्हणजे त्या कुटुंबाचा कणाच मोडणें होय, हें त्यानें आपल्या देशबांधवांना उघड करून दाखविलें.

लोकमत जागें झाल्यावर १८७० सालीं नवा जमीन-कायदा झाला. येथून आपल्या विषयाशीं निकट संबंध असलेला भाग सुरू होतो. ज्या जमिनीची मालकी सिद्ध होत नाहीं ती सरकारची ठरली, आणि अशी पडीक जमीन ७५ वर्षांपर्यंतच्या पट्ट्यानें मळेवाल्यांना मिळूं लागली. परंतु रयतेची जमीन परक्याला विकतां येणार नाहीं असें १८७५ सालच्या हुकुमानें निश्चित झालें; ती फक्त भाड्यानें घेतां येई. म्हणजे मालकी गांवाची आणि वापर भांडवलवाल्याचा, अशी फोड झाली.

ही फोड न्याय्य वाटते खरी. तरी व्यवहारांत काय घडलें तें पाहावें. साखर कारखाना गांवाच्या सावाहपैकीं सुमारें तिसरा हिस्सा आळीपाळीनें भाड्यानें घेई, दीडएक वर्ष त्यांत ऊस पिकवी आणि मग ती जमीन भातासाठीं परत करून दुसरा तुकडा घेई. जमीन गांवाचीच राहिली, पण पाणी कोणाला केव्हां द्यावयाचें हें कारखान्याच्या सोयीनें ठरूं लागलें. गांवच्या मुख्याला शेतें मिळवून देण्याबद्दल इनाम मिळे. अडलेला शेतकरी भाड्याची रक्कम आगाऊ उचलून खर्च करी, आणि पुढील करार करण्यावांचून त्याला गत्यंतर नसे. सारांश, मालक तो होता, पण धनी दुसरा होता.

१९३० च्या सुमारास जावाची साखर वर्षाला जवळजवळ ३० लक्ष टन निघत होती. तिचें एक मोठें गिऱ्हाईक आपला हिंदुस्थान होता. मुंबईच्या बाजारांत जावाची साखर सर्वांच्या परिचयाची होती. मग जगभर मंदी आली. १९३१ सालीं साखर उत्पादक देशांनीं आपापली निर्यात मर्यादित करण्याचा करार केला. १९३२ सालीं हिंदुस्थान सरकारनें देशी साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा केला. आपल्याकडे नवे कारखाने उभे राहिले, दक्षिणेंत कालव्यांच्या कांठीं ऊस वाढला. आणि १९३५ च्या सुमारास जावाचें उत्पादन पांच लक्ष टनांच्या आसपास येऊन ठेपलें. एका देशाचें संरक्षण तें दुसऱ्या देशांतील खेड्यांचें संकट ठरलें. कारखान्यांचीं धुराडीं थंड पडलीं, जमिनीचें भाडें थांबलें, ऊसतोडीची मजुरी थांबली. भाग-भांडवलवाल्यांचें नुकसान झालें, पण ते दूर आम्स्टरडॅमला होते. गांव मात्र जेथल्या तेथें होतें. या कथेंत आपल्यासाठीं एक ऋणही आहे. जावांतील पासुरुआन येथील संशोधन केंद्रांत १९२१ सालीं 'पी. ओ. जे. २८७८' नांवाची उसाची जात सिद्ध झाली. तिचा कोइमतुरास संकर होऊन जी जात निघाली, तोच महाराष्ट्राच्या बागायतदारांनीं आवडीनें लावलेला '४१९' चा ऊस. पासुरुआनचें रक्त आपल्या गुऱ्हाळांत असें आलें.

बालीची कथा थोडी निराळी आहे. डचांनीं दक्षिण बाली १९०६ ते १९०८ या काळांत रक्तपात करून जिंकली. त्यानंतर तेथें मळे फारसे झाले नाहींत. तेथें प्रवासी आले, कलावंत आले. जर्मन चित्रकार वाल्टर श्पीस १९२७ पासून उबुद येथें राहिला. कॅनडांत जन्मलेला संगीतकार कॉलिन मॅकफी यानें १९३० नंतरच्या वर्षांत सायान या खेड्यांत घर बांधलें. १९३६ सालीं अमेरिकन जोडपें रॉबर्ट व लुईझ कोक यांनीं कुटा येथील तेव्हांच्या निर्जन किनाऱ्यावर झावळ्यांच्या छपराच्या खोल्यांचें हॉटेल काढलें. माझ्या विद्यार्थ्याचें जें स्वप्न आहे, तें या मंडळींनीं नव्वद वर्षांपूर्वीं प्रत्यक्षांत जगून पाहिलें.

त्यांचें पुढें काय झालें? मॅकफी १९३८ सालच्या अखेरीस बाली सोडून गेला. श्पीसला महायुद्धांत जर्मन म्हणून कैद झाली, आणि १९४२ च्या जानेवारींत कैद्यांची बोट बुडून तो मरण पावला. त्याच वर्षीं जपानी आले आणि कोक दंपतीचें हॉटेल गेलें. सायानच्या घरांत घातलेला पैसा मॅकफीला फळला असें म्हणतां येत नाहीं. पण त्यानें त्या गांवांत मुलांचें एक वाद्यवृंद-मंडळ उभें केलें, म्हाताऱ्या गुरूंकडून विसरत चाललेल्या चाली टिपून घेतल्या, आणि त्याच्या मृत्यूनंतर १९६६ सालीं प्रसिद्ध झालेला बालीच्या संगीतावरील त्याचा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. त्याच्या गुंतवणुकीपैकीं जें गांवाला दिलें तेवढेंच शिल्लक राहिलें.

१७ ऑगस्ट १९४५ रोजीं इंडोनेशियानें स्वातंत्र्य पुकारलें आणि १९४९ च्या डिसेंबरांत डचांनीं तें मान्य केलें. १९५७-५८ मध्यें डच मळे व कारखाने सरकारजमा झाले. यानंतर २४ सप्टेंबर १९६० रोजीं जमिनीचा मूळ कायदा झाला. तोच आज लागू आहे. त्याचीं दोन कलमें माझ्या विद्यार्थ्यानें भिंतीवर लावून ठेवावीं. एकविसावें कलम म्हणतें कीं जमिनीची पूर्ण मालकी, माणसांपुरती बोलावयाची तर, इंडोनेशियाच्या नागरिकालाच मिळूं शकते. सव्विसावें कलम त्याहून कडक आहे. प्रत्यक्ष वा आडमार्गानें परक्याला मालकी देणारा व्यवहार रद्दबातल होतो, जमीन सरकारकडे जाते, आणि दिलेले पैसे परत मागतां येत नाहींत.

आतां "कागद दुसऱ्याच्या नांवें, पैसे आपले" या वहिवाटीचा अर्थ पाहावा. ज्याच्या नांवावर कागद, तो कायद्यानें मालक. तो भला असेल. पण त्याला मुलें आहेत, सावकार आहेत, आणि मरणही आहे. त्याच्या मुलानें उद्यां घर सोडा म्हटलें तर माझा विद्यार्थी कोणत्या तोंडानें न्यायालयांत जाईल? स्वतःची बाजू मांडतांना त्याला आपला आडमार्गच प्रथम कबूल करावा लागेल.

हा कायदा परक्यांचा द्वेष करणारा आहे असें मात्र कोणी म्हणूं नये. १८३० पासून १९३५ पर्यंतचा जो इतिहास मीं सांगितला, त्याच्या पोटीं तो जन्मला आहे. आपल्याकडेही १९४८ च्या मुंबई कूळकायद्यानें बिगरशेतकऱ्यास परवानगीवांचून शेतजमीन घेण्याची मनाई केली, त्यामागें हीच भीति होती. शिवाय सरळ मार्ग बंद नाहींत. तेथें रीतसर वास्तव्याचा परवाना असलेल्या परक्याला वापराचा हक्क मिळतो. २०२१ च्या नियमांप्रमाणें तो ३० वर्षांचा असून पुढें २० व ३० वर्षें वाढूं शकतो. घर भाडेपट्ट्यानेंही घेतां येतें. प्रवाशांना खोल्या देण्याचा धंदा करावयाचा तर कायदेशीर कंपनी काढून परवाने घ्यावे लागतात. या मार्गांत खर्च अधिक आणि मिळणारा हक्क कमी. पण जो हक्क मिळतो तो खरा असतो.

आणखी एक गोष्ट. गांवाला बाहेरचेंच भांडवल लागतें असें नाहीं. २०१४ च्या ग्राम-कायद्यानें तेथील सुमारें ७५ हजार खेड्यांना स्वतःचा कारभार व स्वतःचे उद्योग चालविण्याचा अधिकार दिला, आणि २०१५ पासून सरकारी अंदाजपत्रकांतून खेड्यांना थेट निधि मिळूं लागला. मध्य जावांत क्लातेन जिल्ह्यांत पोंगोक नांवाचें गांव आहे. तेथें एक नितळ झरा आहे. पूर्वीं लोक त्यांत कपडे धूत. २००९ सालीं गांवानें स्वतःची उद्योगसंस्था काढली, झऱ्याचें पोहण्याचें ठिकाण केलें, आणि गांवकऱ्यांनींच त्यांत भाग घेतले. आज दूरदूरचे लोक तेथें येतात आणि नफा गांवांत राहतो. शंभर वर्षांपूर्वीं पाण्याचा धनी कारखाना होता. येथें तो गांव झाला.

श्रोतेहो, मीं माझ्या विद्यार्थ्याला लिहिलें तें असें: "बाळ, तूं अवश्य जा. पण आधीं एक वर्ष घर भाड्यानें घेऊन राहा. त्यांची भाषा शीक. तुझ्या घराच्या खाचखळग्यांतून कोणत्या सुबकाचें पाणी जातें तें विचार, आणि त्या पाटावर भिंत घालूं नकोस. पट्टा तुझ्या नांवें आणि मालकी त्यांच्या नांवें, हें मनापासून मान्य असेल तरच पुढचें पाऊल टाक. तुझ्या वडिलांनीं जन्मभर राखलेली जमीन विकून हा पैसा आला आहे. त्यानें दुसऱ्या कोणाच्या वडिलांची जमीन आडमार्गानें घेऊं नकोस."

त्याचें उत्तर परवां आलें. त्यानें तूर्त एका वर्षाच्या भाड्याचा करार केला आहे, आणि मजकडे नकाशाचें जुनें पुस्तक मागितलें आहे. तें मीं आजच टपालानें पाठविलें.