नाव बदलले, रजिस्टर बदलले

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात २८५ मुलींचे दुसऱ्यांदा बारसे झाले. मुलगा हवा होता आणि मुलगी झाली, म्हणून त्यांना 'नकुशा' म्हणत. समारंभ एका दिवसात आटोपला. पण जुने नाव जन्मनोंदीत, रेशनकार्डावर, शाळेच्या जनरल रजिस्टरात असे ठिकठिकाणी उतरवलेले असते. ते प्रत्येक ठिकाणी वेगळे बदलावे लागते, हे शिक्षकांना सांगायला नको.

संगणकात यावर जुनी युक्ती आहे. नाव एकाच तक्त्यात ठेवायचे, इतर तक्त्यांत फक्त त्याचा क्रमांक लिहायचा. संकेतस्थळे उभारण्यासाठी २००५ साली सर्वांना खुली झालेली 'जँगो' ही चौकट असेच करी. मात्र तिचा वापरकर्त्यांचा तक्ता ठरीव होता. त्यात पहिले नाव आणि आडनाव होते. सातारा-सांगलीकडे मधोमध येणाऱ्या वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाला रकानाच नव्हता!

फेब्रुवारी २०१३ मधील १.५ या आवृत्तीने आपापला तक्ता आखण्याची मुभा दिली. पण तोवर इतरांनी लिहिलेले कित्येक पूरक प्रोग्रॅम जुनाच तक्ता गृहीत धरून बसले होते. नवा तक्ता घेतला की त्यांचे क्रमांक अस्तित्वातच नसलेल्या रजिस्टरकडे बोट दाखवत. म्हणून नियम आला: वापरकर्त्यांचा तक्ता कोणता, हे प्रत्येक प्रोग्रॅमने आधी एका ठरलेल्या जागी विचारावे. नव्या कामात हे सोपे जाते. चालू कामात तक्ता मध्येच बदलणे आजही जिकिरीचे आहे. जुन्या नोंदींची एकेक जोडणी सोडवून नव्या तक्त्याशी बांधावी लागते.