माध्यमलेखन अभ्यासक्रम (निर्णा व सीमाभाग)

वृत्तपत्र, नभोवाणी, दूरचित्रवाणी, जाहिरात आणि जनसंपर्क या व्यवसायांसाठी लेखन शिकवणारा विद्यापीठीय अभ्यासक्रम. बीदर जिल्ह्यातील निर्णा आणि आसपासच्या मराठी घरांतील मुलांना तो कुठे मिळणार, हे राज्याच्या सीमा सरकल्या तसे बदलत गेले.

बीदर हैदराबाद राज्यात होते तेव्हा विद्यापीठ उस्मानिया. तिथे पत्रकारितेचा विभाग १९५४ मध्ये निघाला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर, गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. विभाग जेमतेम दोन वर्षे बीदरकरांच्या राज्यातला राहिला! पुढे धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ, १९८० पासून गुलबर्गा विद्यापीठ, आणि अलीकडे बीदर विद्यापीठ. गुलबर्गा विद्यापीठात पत्रकारिता विभागही आहे आणि मराठी विभागही. पहिल्यात इंट्रो, मथळा, संपादन शिकवतात ते कन्नड-इंग्रजीत. दुसऱ्यात मराठी साहित्य. मराठीत बातमी लिहिणे या दोहोंच्या मधल्या व्हरांड्यात उभे राहते.

महाराष्ट्रात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये आणि पुणे विद्यापीठात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘रानडे’ इन्स्टिट्यूटमध्ये, १९६४ मध्ये हे शिक्षण सुरू झाले. मुंबई विद्यापीठाच्या बीएमएम (बॅचलर ऑफ मास मीडिया) या पदवीत तिसऱ्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता यांतून एक निवडावे लागे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (१९८९) वृत्तपत्रविद्या मराठीत घरबसल्या शिकवते. मात्र राज्य विद्यापीठाला राज्याबाहेर अभ्यासकेंद्र काढता येत नाही, त्यामुळे निर्ण्याच्या विद्यार्थ्याला सीमा ओलांडूनच केंद्र गाठावे लागते.

सर्वांत महत्त्वाचे आधी सांगणारा बातमीचा ‘उलटा पिरॅमिड’ सगळीकडे सारखाच. खरी अडचण अनुवादाच्या पेपरची. तो बहुधा इंग्रजीतून मराठीत, वृत्तसंस्थेच्या कॉपीवर बेतलेला असतो. सीमाभागातल्या बातमीदारासमोर मात्र तहसील कचेरीचे पत्रक कन्नडमध्ये येते, शेतकरी मराठीत बोलतो आणि बाजारात दख्खनी ऐकू येते. शिवाय लातूर-सोलापूरच्या उपसंपादकाला कर्नाटकातला पीडीओ ठाऊक नसतो. तो ग्रामपंचायतीचा विकास अधिकारी, साधारण महाराष्ट्रातल्या ग्रामसेवकाच्या जागचा, हे बातमीतच सांगावे लागते. जमिनीच्या बातमीत ‘पहाणी’ लिहिली तर कंसात सातबारा द्यावा लागतो. हे कसब बातमीदार तालुक्याच्या गावी जुन्या वार्ताहराच्या हाताखाली शिकतो. कन्नडमधून मराठीत बातमी करण्याचा स्वतंत्र पेपर ठेवायला गुलबर्गा किंवा बीदर विद्यापीठाइतकी सोयीची जागा दुसरी नाही.