अडीच फूट ते वीस फूट

परवा शनिवारी हार्बर लाईनने जाताना कॉटन ग्रीन स्टेशन आलं आणि मला एकदम दारव्हा आठवलं. हसू नका, संबंध आहे! आमचे आजोबा म्हणायचे, "आपला कापूस मुंबईले जाते." मुंबईत नेमका कुठे, ते त्यांनी कधी पाहिलं नाही. मी पाहिलं, पण तोवर कापूस जाऊन स्टेशनचं नाव तेवढं उरलं होतं.

१८६९ साली सुएझ कालवा सुरू झाला आणि युरोपच्या आगबोटींना मुंबई जवळ आली. मोठ्या बोटींना गोद्या हव्यात, म्हणून समुद्रात भराव घालून १८८० साली प्रिन्सेस डॉक बांधला. मग १८८८ मध्ये व्हिक्टोरिया, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा. मुंबईचा पूर्व किनारा गोद्या, वखारी आणि रुळांनी भरून गेला.

त्याच काळात, १९०३ साली, आमच्याकडे यवतमाळ-मूर्तिजापूर 'शकुंतला' धावू लागली. मुख्य काम कापूस वाहायचं. पण रूळ अडीच फुटी! म्हणजे मूर्तिजापूरला गाठी उतरवून मोठ्या गाडीत चढवायच्या, मुंबईत परत उतरवायच्या, परत बोटीत. प्रत्येक जोडावर हमाल.

१९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीनने कंटेनर बोटीवर चढवले. पुढे त्यांचं माप ठरलं: वीस फूट, चाळीस फूट. आपल्या भाषेत, इंटरफेस स्टँडर्ड झाला. ट्रक, रेल्वे, बोट, खोका न उघडता सगळीकडे चालतो. मात्र त्याला खोल पाणी आणि मोकळं आवार लागतं. दाटीवाटीच्या मुंबईत ते कुठून आणणार? म्हणून १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा-शेवा सुरू झालं. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या पुढे बुजवल्या. २०२४ मध्ये शिवडीहून न्हावा-शेव्याकडे अटल सेतू झाला आणि त्याच वर्षी पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदर शहरापासून आणखी लांब चाललंय.

आणि शकुंतला? १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली, आता बंद आहे.

आम्ही इंजिनिअर लोक नवं व्हर्जन आलं की जुनं मोडीत काढून मोकळे होतो. पण त्या जोडांवर माणसं उभी होती. मुंबईच्या गोदीची जमीन मोकळी झाली की तिथे काय बांधायचं यावर भरपूर चर्चा होते. ज्यांच्या खांद्यांवरून गाठी गेल्या, त्यांच्या वाट्याला त्यातलं काय, हे विचारायला नको का?