भूकंप सांगून येत नाही. पण त्याबद्दल लोकांना सांगायचं कसं?

जमिनीतून गूढ आवाज आला की मराठवाड्यात दोन गोष्टी होतात. लोक घराबाहेर येतात आणि मोबाइलवर मेसेज फिरू लागतात. 'आज रात्री मोठा धक्का बसणार' हा त्यातला नेहमीचा. मग प्रशासनाचं आवाहन येतं : घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका. तरीही अनेक जण रात्र अंगणात काढतात. निलंगा तालुक्यातल्या हासोरी परिसराने २०२२ मध्ये हे अनुभवलं.

नांदेड आणि लातूरच्या मध्ये असलेल्या अहमदपूरसाठीही हा प्रश्न लांबचा नाही. जिल्ह्यात किल्लारीची आठवण आहे, तर उत्तरेकडच्या हिंगोलीत २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. मग लोकांना नेमकं काय सांगायला हवं?

आवाज कशाचा येतो?

जमिनीखाली कमी खोलीवर खडक किंचित सरकला की लहानसा भूकंप होतो. त्याच्या लहरी पृष्ठभागापर्यंत येतात आणि हवेत कंप निर्माण करतात. तोच आपल्याला गडगडाटासारखा ऐकू येतो. कधी कधी हादरा जाणवतही नाही, फक्त आवाज येतो.

एवढं समजावलं की भीती जाते?

पूर्वी शास्त्रज्ञांचा समज तसाच होता : लोकांकडे माहिती कमी आहे, ती भरून काढली की प्रश्न सुटेल. या समजाला संशोधनात 'उणिवेचं प्रारूप' म्हणतात. ते अपुरं असल्याचं पुढच्या अभ्यासांतून दिसलं.

त्यातला गाजलेला अभ्यास ब्रायन विन यांचा. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर ब्रिटनमधल्या कुंब्रिया भागात मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. ती काही आठवड्यांत उठेल, असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात काही शेतांवर ती २०१२ पर्यंत राहिली. आपली माती आणि मेंढ्या शेतकऱ्यांना ठाऊक होत्या, पण त्यांना कुणी विचारलं नाही. शेतकऱ्यांचा विश्वास उडाला तो विज्ञान कळलं नाही म्हणून नव्हे, तर सांगणारे ठामपणे चुकले म्हणून.

'काही होणार नाही' म्हणण्यातला धोका

इटलीतल्या लाक्विला शहरात २००९ मध्ये लहान धक्के बसत होते. मार्चअखेर तज्ज्ञांची बैठक झाली आणि लोकांपर्यंत दिलासा पोहोचला. ६ एप्रिलला मोठा भूकंप झाला, ३०० हून अधिक माणसं गेली. सहा शास्त्रज्ञ आणि एका अधिकाऱ्याला २०१२ मध्ये शिक्षा झाली. २०१४ मध्ये शास्त्रज्ञ अपिलात निर्दोष ठरले.

आपल्याकडेही किल्लारी परिसरात १९९२ मध्ये लहान धक्के जाणवले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो लोक दगड-मातीच्या भिंती व माळवदाखाली दबले. ही आठवण असलेल्या माणसाला 'घाबरू नका' एवढंच सांगणं पुरत नाही.

खरं उत्तर असं आहे : लहान धक्क्यांच्या बहुतेक मालिका मोठा भूकंप न होता थांबतात. क्वचित तसं होत नाही. कोणती मालिका कशी संपेल, हे आधी सांगता येत नाही.

किल्लारीनंतर काय केलं?

अनिश्चितता मान्य केल्यावर पुढचा प्रश्न येतो : मग आम्ही करायचं काय? भूकंपानंतरच्या घरदुरुस्ती कार्यक्रमात याचं उत्तर घरोघरी पोहोचवण्यासाठी गावातल्याच महिलांना 'संवाद सहायक' नेमलं गेलं. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था त्यात होती. भिंत मजबूत कशी करायची, मदत कशी मिळवायची हे या बायका शेजारणींना सांगत आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेत. बोलणं दोन्ही बाजूंनी होतं आणि सांगणारी ओळखीची होती.

मार्च २०२४ च्या धक्क्यानंतर नांदेड जिल्हा प्रशासनाचं एक आवाहन असंच नेमकं होतं : पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड काढून घ्या. घाबरलेल्या माणसाच्या हाताला यातून काम मिळतं.

मेसेज पुढे पाठवण्याआधी

- भूकंपाची नेमकी तारीख-वेळ दिली असेल तर तो मेसेज खोटा. असं भाकीत आज कुणीही करू शकत नाही.
- झालेल्या धक्क्याची नोंद राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर पाहा.
- अफवा खोडताना खरी माहिती आधी लिहा, अफवा नंतर.
- घाबरलेल्याला हसू नका. आधी त्याचं घर कसलं आहे ते विचारा. दगड-मातीचं असेल, तर त्याची भीती रास्त आहे आणि भिंतीची दुरुस्ती हाच त्यावरचा उपाय.