कॅथलॅबमधली किरणमात्रा : मिनिटांचा हिशेब अपुरा का पडतो

अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाला किती क्ष-किरण मिळाले, असे विचारले की उत्तर बहुधा मिनिटांत येते : ‘फ्लुरोस्कोपी 14 मिनिटे.’ मोजायला हा आकडा सर्वांत सोपा आणि उपयोगाला सर्वांत कमी. नळ किती वेळ चालू होता एवढेच त्यातून कळते, धार केवढी होती ते कळत नाही.

धार ठरते ती मुख्यतः रुग्णाच्या शरीराच्या जाडीवर. मऊ ऊतींमधून साधारण 3 सेंटीमीटर गेल्यावर क्ष-किरण निम्मे उरतात. पडद्यावरचे चित्र मंद पडू नये म्हणून यंत्र आपणहून मारा वाढवते. त्यामुळे छाती तीन-चार सेंटीमीटरने जाड असली की त्वचेवरची मात्रा जवळपास दुप्पट होते. सडपातळ माणसाचीही यातून सुटका नाही, कारण क्ष-किरणांची नळी तिरपी केली की किरणांना शरीरातून लांबचा रस्ता कापावा लागतो. डावीकडून, डोक्याच्या दिशेने कललेला कोन डॉक्टरांना सोयीचा असतो, पण मात्रेच्या दृष्टीने तो महागात पडतो. त्यात सिने, म्हणजे नोंदीसाठी घेतलेले चित्रण. त्याच्या एका चौकटीला फ्लुरोस्कोपीच्या चौकटीच्या दहापट किंवा त्याहून जास्त मात्रा लागते, आणि फ्लुरोस्कोपीच्या मिनिटांत हे चित्रण सहसा धरलेलेच नसते.

खरे बोलतात ते यंत्राच्या पडद्यावरचे दुसरे दोन आकडे. पहिला संदर्भबिंदूवरचा एअर कर्मा, एकक ग्रे. चित्रणाच्या मध्यबिंदूपासून नळीच्या बाजूला 15 सेंटीमीटरवर हा बिंदू धरलेला असतो, म्हणजे साधारण पाठीच्या त्वचेच्या आसपास. दुसरा मात्रा-क्षेत्र गुणाकार, एकक ग्रे-चौरस सेंटीमीटर. एकूण किती ऊर्जा शरीरात शिरली, याचा अंदाज त्यावरून येतो. या दोघांची गल्लत सर्रास होते. झोताची चौकट 20 बाय 20 वरून 10 बाय 10 सेंटीमीटरवर आणली, तर गुणाकार चौथाईवर येतो, पण झोताखालच्या त्वचेला मिळणारी मात्रा जवळपास तेवढीच राहते. कोन बदलत राहिले, तर उलट घडते : आकडा वाढतच जातो, मात्र भार त्वचेच्या एकाच पट्ट्यावर साचत नाही.

धोकेही दोन जातींचे आहेत. कर्करोगाचा धोका संभाव्यतेचा, आणि तो एकूण मात्रेबरोबर वाढतो. साध्या अँजिओग्राफीत प्रभावी मात्रा साधारण 5 ते 7 मिलिसीव्हर्ट असते, अँजिओप्लास्टीत 15 च्या घरात. निसर्गातून माणसाला जागतिक सरासरीने वर्षाला 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतात. हृदयविकाराचा झटका आलेल्या सत्तरीतल्या माणसासमोर ही तुलना मांडणे मला निरर्थक वाटते. त्याचा जीव वाचवायची वेळ त्याच रात्रीची असते. जन्मजात हृदयदोष असलेल्या लेकरांचे तसे नाही. पेशी कोवळ्या, आयुष्य लांब आणि तपासण्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या. तिथे प्रत्येक चौकटीचा विचार व्हायला हवा.

दुसरा धोका त्वचेचा, आणि त्याला उंबरठा आहे. 2 ग्रेच्या पुढे तात्पुरती लाली येऊ शकते, 6 च्या पुढे टिकणारी लाली, 15 च्या पलीकडे न भरणाऱ्या जखमा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असा इशारा 1994 मध्येच दिला होता. साध्या अँजिओप्लास्टीत हे सहसा घडत नाही. पूर्ण बंद पडलेली जुनी रक्तवाहिनी उघडताना, किंवा थोड्या महिन्यांत दुसऱ्यांदा प्रक्रिया करताना ते घडू शकते.

भारतात कॅथलॅबला परवाना देते मुंबईची अणुऊर्जा नियामक परिषद. कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे. रुग्णासाठी मर्यादा नाही, आणि ती नसणेच योग्य, कारण आकडा गाठला म्हणून स्टेंट अर्ध्यावर सोडता येत नाही. मर्यादा नसल्यामुळे नोंदीचे महत्त्व उलट वाढते. कर्मा 5 ग्रेच्या वर गेला तर रुग्णाचा पाठपुरावा करावा, असे अमेरिकेच्या किरणसंरक्षण परिषदेने सुचवले आहे.

हा आकडा डिस्चार्ज कार्डावर हवा, कारण जखम दोन-चार आठवड्यांनी पाठीवर उमटते. स्वतःला न दिसणारा तो चट्टा घेऊन रुग्ण त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो आणि अँजिओप्लास्टीचा विषयच निघत नाही. मग निदानासाठी तिथलाच तुकडा काढला, तर ती जखम भरायला फार वेळ घेते.